चव्वेचाळीस बाय वीस

गेल्या मे महिन्यात आमच्या सोसायटीत पिकलबॉलचं कोर्ट आखायचं ठरलं. जागा एकच होती, पार्किंगच्या मागचा सिमेंटचा चौथरा. सकाळी साडेसहाला आम्ही चौघं तिथे जमलो. हातात सुतळीचं बंडल, खडू, फक्कीची पिशवी आणि दोन लांब टेप. आखणीची सूत्रं शेजारच्या काकांकडे. काकांनी उभी हयात ओव्हरसिअर म्हणून काढलेली. जमिनीवर रेघ मारायची म्हटली की त्यांना आजही दहा वर्षांनी लहान झाल्यासारखं होतं.

त्यांनी आधी नेटची रेघ पक्की केली. तिच्यावर बरोबर २० फुटांच्या अंतराने दोन खुणा केल्या. मग एका खुणेवरून २२ फूट मागे टेप ताणायला लावला आणि दुसऱ्या खुणेवरून दुसरा टेप तिरका आणवला, २९ फूट ९ इंच. दोन्ही टेप जिथे एकमेकांना भेटले तिथे खडूने फुली मारली. ‘‘हा आपला कोपरा. गुण्या लावायची गरज नाही. कर्ण बरोबर आला की काटकोन आपोआप येतो,’’ काका म्हणाले. चारही कोपरे झाल्यावर त्यांनी अख्ख्या कोर्टाचे दोन्ही कर्ण मोजले. दोन्ही ४८ फूट ४ इंच भरले, तेव्हा कुठे त्यांचं समाधान झालं.

मग सुतळी ताणली आणि फक्की टाकण्याआधी मी झाडू मारायला घेतला. धुळीखाली एक फिकट पांढरी रेघ दिसली. तिच्या बाहेरच्या कडेवर आमची सुतळी केसाचंही अंतर न ठेवता पडली होती. वीसेक वर्षांपूर्वी या चौथऱ्यावर बॅडमिंटन चालायचं, ती रेघ तेव्हाची. बाकीच्या तीन बाजू झाडल्या, तिथेही तेच. नव्या खेळाचं कोर्ट आखायला आम्ही तासभर घाम गाळला होता आणि ते कोर्ट तिथे आधीपासूनच होतं.

हा योगायोग नव्हता. पिकलबॉलचं कोर्ट ४४ फूट लांब आणि २० फूट रुंद असतं. बॅडमिंटनच्या दुहेरीचं कोर्टही तेवढंच, इंचाचा फरक नाही. साठ वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या एका बेटावर तिघा मित्रांनी हा खेळ रचला तो असल्याच एका जुन्या, विसरलेल्या कोर्टावर. आणि त्या कोर्टाच्या रेघा ज्या वाटेने तिथवर पोचल्या, त्या वाटेवर आपलं पुणं लागतं.

•

अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात वॉशिंग्टन राज्य आहे. तिथल्या सिअ‍ॅटल शहरासमोर, प्युजेट साउंड नावाच्या खाडीपलीकडे, बेनब्रिज आयलंड हे बेट आहे. शहरातली बिऱ्हाडं उन्हाळ्याच्या सुट्टीत फेरीबोटीने या बेटावर जात. जोएल प्रिचर्ड यांचंही घर तिथे होतं. प्रिचर्ड तेव्हा राज्याच्या विधिमंडळात होते. पुढे ते बारा वर्षं अमेरिकी काँग्रेसचे सदस्य राहिले आणि नंतर राज्याचे लेफ्टनंट गव्हर्नर झाले. पण जगाने त्यांना लक्षात ठेवलं ते १९६५ च्या उन्हाळ्यातल्या एका शनिवारमुळे.

त्या दिवशी प्रिचर्ड आणि त्यांचे मित्र बिल बेल गोल्फ खेळून घरी परतले. घरात मुलं कंटाळून बसली होती. करायला काही नाही, अशी कुरकुर चाललेली. अंगणात डांबरी जमिनीवर जुनं बॅडमिंटन कोर्ट होतं. खेळायचं तर रॅकेट आणि शटल हवं, पण शोधूनही पुरता संच मिळेना. हाताला लागल्या त्या टेबल टेनिसच्या बॅटी आणि भोकं असलेला प्लॅस्टिकचा हलका चेंडू. जे मिळालं ते घेऊन सगळे कोर्टावर उतरले.

नेट बॅडमिंटनच्या उंचीवर, म्हणजे ६० इंचांवर बांधलेलं होतं. सुरुवातीला तसंच खेळले. पण शटल टप्पा घेत नाही आणि हा चेंडू डांबरावर छान टप्पा घेत होता. टप्पा घेतलेला चेंडू कमरेच्या आसपास येतो. तो पाच फुटांच्या जाळीवरून पलीकडे घालवायचा तर दर वेळी वर उचलावा लागतो आणि खेळ बावळट होतो. म्हणून शनिवार-रविवार सरता सरता नेट ३६ इंचांवर आलं. पाच फुटांवरून तीन फुटांवर. बाहेरच्या चार रेघांना कुणी हात लावला नाही. सगळा फरक जाळीने केला.

पुढच्या आठवड्यात तिसरे मित्र बार्नी मॅक्कॅलम आले आणि खेळाला कारागीर मिळाला. टेबल टेनिसच्या बॅटी या चेंडूला पुरत नव्हत्या. मॅक्कॅलम यांनी घरातल्या यांत्रिक करवतीवर प्लायवुडच्या मोठ्या बॅटी कापल्या. मग तिघांनी बसून नियम बांधले. आधाराला बॅडमिंटनचेच नियम घेतले, पण एक गोष्ट डोळ्यांपुढे ठेवली. हा खेळ घरातल्या सगळ्यांना एकत्र खेळता आला पाहिजे. पोरांना, बायकांना, पुरुषांना, आजीआजोबांना. पुढे कोर्टावर जी प्रत्येक रेघ उमटली ती या एका हट्टापायी उमटली.

खेळाच्या नावातही हेच आहे. जोएल यांच्या पत्नी जोन यांना नौकाशर्यतींची आवड होती. वेगवेगळ्या चमूंमधून उरलेले वल्हेकरी एकत्र करून जी नाव शर्यतीत उतरवतात, तिला तिकडे पिकल बोट म्हणतात. या खेळातही जाळी एका खेळाची, बॅट दुसऱ्याची, चेंडू तिसऱ्याचा. जोन यांना ती नाव आठवली आणि नाव पडलं पिकलबॉल. प्रिचर्डांच्या पिकल्स नावाच्या कुत्र्यावरून ते पडलं, ही दुसरी कहाणीही मॅक्कॅलम सांगत. प्रिचर्ड कुटुंब मात्र सांगतं की कुत्रा नंतर आला आणि त्यालाच खेळाचं नाव दिलं गेलं. आपल्याकडे गोपाळकाल्यात सगळ्यांची शिदोरी एकत्र कालवतात आणि कुणाच्याही एकट्याच्या शिदोरीपेक्षा ती चव वेगळी लागते. पिकलबॉल हा तसा काला आहे.

•

काल्यातली जमीन मात्र बॅडमिंटनची. ती कुठून आली हे पाहायला आणखी शंभर वर्षं मागे जावं लागतं.

फळीने शटल हवेत उडवत ठेवायचं, खाली पडू द्यायचं नाही, हा खेळ युरोपात आणि आशियात जुना होता. त्यात जाळी नव्हती, हद्द नव्हती, हारजीतही नव्हती. दोघांनी मिळून शटल किती वेळ तरंगत ठेवलं याचीच गंमत. या खेळाला जाळी आणि रेघा मिळाल्या त्या एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, आणि त्यात हिंदुस्थानातल्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांचा मोठा हात होता. पुण्याच्या छावणीत हा खेळ इतका रंगायचा की इंग्रजांनी त्याला नावच दिलं ‘पूना’. १८७३ च्या सुमारास याच गावात त्याचे सुरुवातीचे नियम बांधले गेले असं बॅडमिंटनचा इतिहास सांगतो. त्याच काळात इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशायर परगण्यात ब्यूफोर्टच्या ड्यूकच्या बॅडमिंटन हाउस या वाड्यात हा खेळ चाले. वाड्याचं नाव खेळाला चिकटलं आणि पूना हे नाव मागे पडलं. नाहीतर आज ऑलिंपिकमध्ये पूना खेळले असते.

त्या काळात खेळणाऱ्यांची संख्याही ठरलेली नसे. एका बाजूला एक ते चार, कितीही. नेटच्या खोलीचं फारसं कुणाला काही नव्हतं, ते जमिनीपर्यंत लोंबलं तरी चालत असे. आणि खेळ मैदानावर. पुण्याचा वारा ज्यांना माहीत आहे त्यांना शटलची काय गत होत असेल ते सांगायला नको. वाऱ्यापावसात शटलऐवजी लोकरीचा गोळा वापरायची पद्धत पडली ती यातूनच. चेंडूने खेळायचा हा प्रकार दक्षिणेत बॉल बॅडमिंटन म्हणून आजही चालतो, आणि तंजावरच्या मराठा राजघराण्यात तो १८५६ च्या सुमारास खेळला जात असे अशी परंपरा आहे. वाऱ्याला दाद न देणारा चेंडू घेऊन बॅडमिंटन खेळायचं हे बेनब्रिजला सुचण्याच्या शंभर वर्षं आधी इथे सुचलेलं होतं.

छावणीतले अधिकारी रजेवर किंवा निवृत्त होऊन मायदेशी गेले, तेव्हा खेळही बरोबर घेऊन गेले. १८७५ पर्यंत फोकस्टन या बंदरगावात त्यांनी क्लब काढला होता. गावोगावी क्लब निघाले आणि प्रत्येकाचं कोर्ट वेगळं. एकमेकांशी सामना खेळायचा तर आधी जमिनीवर एकमत हवं. बाथ शहरातल्या क्लबचे जे. एच. ई. हार्ट यांनी १८८७ मध्ये नियम सुधारून लिहिले आणि १८९० मध्ये बॅग्नेल वाइल्ड यांच्यासह पुन्हा तपासले. १३ सप्टेंबर १८९३ रोजी पोर्ट्समथ इथल्या ‘डनबार’ नावाच्या घरात बॅडमिंटन असोसिएशनची स्थापना झाली आणि हे नियम सगळ्यांचे झाले.

पण त्या नियमांतलं कोर्ट चौकोनी नव्हतं. ते डमरूसारखं होतं, दोन्ही टोकांना रुंद आणि नेटपाशी कंबर आवळलेली. असं का? ज्या दिवाणखान्यात खेळ चाले तिथली समोरासमोरची दारं आत उघडत, म्हणून मध्ये जागा सोडावी लागली, अशी आख्यायिका आहे. डमरूचं वेड एकट्या बॅडमिंटनचंही नव्हतं. मेजर वॉल्टर विंगफील्ड यांनी १८७४ मध्ये लॉन टेनिसचं जे कोर्ट पेटंट केलं तेही नेटपाशी निमुळतं होतं. तीनच वर्षांत, १८७७ च्या पहिल्या विम्बल्डनसाठी, टेनिसने डमरू टाकून ७८ बाय २७ फुटांचा आयत धरला. बॅडमिंटनला आणखी चोवीस वर्षं लागली. १९०१ मध्ये डमरू गेला आणि काटकोनी कोर्ट आलं.

डमरू आखायचा म्हणजे तिरक्या रेघा, आणि तिरकी रेघ प्रत्येक ठिकाणी थोडी वेगळी पडते. आयताचं तसं नाही. दोरी, टेप आणि कर्णाचा हिशोब एवढ्यावर तो कुठेही काढता येतो, पोर्ट्समथला काय किंवा आमच्या पार्किंगमागे काय. खेळ जगभर जायचा तर त्याची जमीनही पोस्टाने पाठवता येण्याजोगी असावी लागते. ‘४४ बाय २०’ हे तीन शब्दांचं पत्र होतं. आज आंतरराष्ट्रीय नियमांत हेच कोर्ट १३.४० बाय ६.१० मीटर म्हणून लिहितात. मीटरमध्ये हे आकडे अडनिडे वाटतात, कारण ते मुळात फुटांत विचार करून ठरवलेले आहेत. सांगलीत जन्मलेले नंदू नाटेकर १९५६ मध्ये परदेशातलं अजिंक्यपद जिंकणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले, ते याच मापाच्या कोर्टावर.

या आयताला दुसरा खेळ जन्माला घालायची सवयच होती असं म्हणायला हवं. १९२८ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या स्कार्सडेल इथे जेम्स कॉग्सवेल आणि फेसेंडन ब्लँचर्ड यांनी हिवाळ्यात बर्फावर मात करून खेळता यावं म्हणून लाकडी मंच बांधला. त्यातून प्लॅटफॉर्म टेनिस निघालं. त्याच्या रेघाही ४४ बाय २० फुटांच्याच आहेत, आणि भोवतीचा मंच ६० बाय ३० फुटांचा. पिकलबॉलसाठी रेघांबाहेरची मोकळी जागा धरून कमीत कमी जी जागा सुचवतात तीही ६० बाय ३० फूटच. चार माणसांना फळीने खेळायला किती जमीन लागते, या प्रश्नाचं उत्तर वेगवेगळ्या पिढ्यांनी वेगवेगळ्या गावांत काढलं आणि ते सारखंच आलं.

•

आता पुन्हा बेनब्रिज. बाहेरचा आयत आयता मिळाला, खरं कसब आतल्या रेघांत होतं.

बॅडमिंटनच्या कोर्टावर रेघांची गर्दी असते. एकेरीसाठी बाजूच्या रेघा दीड दीड फूट आत, दुहेरीच्या सर्व्हिससाठी मागची रेघ अडीच फूट आत. पिकलबॉलने हे सगळं पुसलं. एकेरी असो वा दुहेरी, कोर्ट तेच. प्रत्येक बाजूला नेटपासून मागच्या रेघेपर्यंत २२ फूट. त्यातले पुढचे ७ फूट म्हणजे नॉन-व्हॉली झोन, खेळणाऱ्यांच्या तोंडी ‘किचन’. उरलेले १५ फूट मधल्या रेघेने दोन भागांत वाटलेले, म्हणजे १० बाय १५ फुटांची दोन सर्व्हिस कोर्टं. रेघा दोन इंच रुंद आणि मापं रेघेच्या बाहेरच्या कडेपर्यंत धरायची. जाळी खांबांपाशी ३६ इंच आणि मध्ये ३४ इंच. मधली दोन इंचांची झोळ मुद्दाम ठेवलेली, टेनिसच्या जाळीसारखी. एवढंच. संपूर्ण नकाशा पोस्टकार्डावर मावेल.

यातलं किचन हे या खेळाचं काळीज आहे. नियम साधा आहे. त्या पट्ट्यात उभं राहून चेंडू हवेतल्या हवेत मारायचा नाही. पायाचं बोट रेघेवर असलं तरी चूक. रेघेबाहेरून फटका मारला आणि झोकात तोल जाऊन पाय आत पडला, तरीही चूक. चेंडूने आत टप्पा घेतला की मात्र खुशाल आत जा आणि मारा. सर्व्हिसही या पट्ट्याच्या आणि त्याच्या रेघेच्या पलीकडे, समोरच्या तिरक्या चौकोनात पडली पाहिजे.

हा पट्टा का लागला ते जाळीच्या उंचीत आहे. बॅडमिंटनची जाळी पाच फुटांवर, शिवाय शटल हवेत लवकर मंदावतं. तिथे नेटपाशी उभ्या असलेल्याला सारखा सारखा स्मॅश मिळत नाही. जाळी तीन फुटांवर आली आणि ज्याचे हात लांब तो राजा झाला. उंच गडी जाळीला चिकटून उभा राहणार आणि येईल तो चेंडू समोरच्याच्या पायाशी आपटणार. समोर दहा वर्षांचं पोर असेल किंवा त्याची आजी, त्यांनी करायचं काय? दोन मिनिटांत खेळ संपला. तिघा मित्रांना तर सगळ्या घराचा खेळ हवा होता. जुन्या कोर्टावर नेटपासून साडेसहा फुटांवर बॅडमिंटनची शॉर्ट सर्व्हिस लाइन होती. ती लक्ष्मणरेषा झाली. पुढे नियम पक्के होताना ती अर्धा फूट मागे सरकून ७ फुटांवर स्थिरावली.

हिशोब करून पाहिला की या पट्ट्याचं वजन कळतं. दोन्ही बाजूंचं किचन मिळून १४ बाय २० म्हणजे २८० चौरस फूट. सगळं कोर्ट ८८० चौरस फुटांचं. म्हणजे कोर्टाच्या जवळजवळ एक तृतीयांश जमिनीवर जोर चालत नाही. ७ फूट मागे उभं राहिलेल्याकडे चेंडू जाळीच्या खाली आला, तर त्याला तो उचलूनच द्यावा लागतो. समोरचाही ७ फूट मागेच. मग दोघे हलक्या हाताने चेंडू एकमेकांच्या किचनमध्ये सोडत राहतात आणि वाट पाहतात, कोण आधी उतावीळ होतो याची. दंडाची ताकद बाजूला राहते आणि मनगटाची नजाकत, नजर, सबुरी पुढे येते. या गोष्टी वयाबरोबर कमी होत नाहीत, उलट वाढतात.

दुसरा नियमही याच पोटातला. सर्व्हिसचा चेंडू समोरच्याने टप्पा पडल्यावरच घ्यायचा आणि त्याने परतवलेला चेंडू सर्व्हिस करणाऱ्यानेही टप्पा पडल्यावरच घ्यायचा. दोन टप्पे झाले की पुढे मोकळीक. सर्व्हिस करून जाळीकडे धाव घ्यायची आणि पहिल्याच फटक्यात कारभार आटपायचा, ही टेनिसमधली वाट त्यामुळे बंद झाली.

किचन हे नाव शफलबोर्ड या खेळातून आलं असं बहुतेक जण मानतात. त्यात चकती जिथे थांबली की दहा गुण कापले जातात त्या पट्ट्याला किचन म्हणतात. मराठी खेळाडूंनी ‘स्वयंपाकघर’ करायचा खटाटोप केलेला नाही, ‘किचनमध्ये पाय आला’ असंच म्हणतात आणि समोरच्याला ते बरोबर कळतं.

या खेळाने बॅडमिंटनची आणखी एक ठेव जपली आहे. पारंपरिक पिकलबॉलमध्ये ज्याची सर्व्हिस त्यालाच गुण मिळतो, आणि दुहेरीत एका बाजूच्या दोघांना पाळीपाळीने सर्व्हिस मिळते. चाळिशीपुढच्या ज्यांनी शाळा-कॉलेजात बॅडमिंटन खेळलं आहे त्यांना हे ओळखीचं वाटेल. बॅडमिंटनही तेव्हा असंच मोजत. ‘सेकंड सर्व्हिस’, ‘सर्व्हिस ओव्हर’ हे पुकारे हॉलभर घुमत. २००६ मध्ये बॅडमिंटनने ती पद्धत सोडली आणि प्रत्येक रॅलीला गुण द्यायला सुरुवात केली. मूळ वाड्यातून जुनी भांडी मोडीत निघाली आणि दूरदेशी गेलेल्या लेकीकडे ती रोजच्या वापरात राहिली, असं काहीसं झालं.

•

१९६७ मध्ये प्रिचर्ड यांचे शेजारी बॉब ओब्रायन यांच्या परसात केवळ पिकलबॉलसाठी बांधलेलं पहिलं पक्कं कोर्ट तयार झालं. तोवर उसन्या रेघांवर चाललेल्या खेळाला स्वतःचं घर मिळालं. १९७२ मध्ये या खेळासाठी कंपनी स्थापन झाली. १९७६ च्या वसंतात सिअ‍ॅटलजवळच्या टकविला इथल्या क्लबमध्ये पहिली स्पर्धा झाली. १९८४ मध्ये राष्ट्रीय संघटना निघाली आणि पहिलं नियमपुस्तक छापलं गेलं. त्याच वर्षी बोइंग कंपनीतले इंजिनिअर आर्लेन परांटो यांनी विमानात वापरतात त्या मधमाशांच्या पोळ्यासारख्या हलक्या पॅनेलची बॅट केली आणि प्लायवुडचं ओझं हलकं झालं. १९९० पर्यंत अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत खेळ पोचला होता. बॅट बदलली, चेंडू बदलला, नियमपुस्तक जाड होत गेलं. ४४ बाय २० मात्र हललं नाही.

खेळ सर्वांत आधी रुजला तो निवृत्त माणसांच्या वसाहतींत. २००९ मध्ये अमेरिकेतली पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली तीही अ‍ॅरिझोनात, जिथे उबेसाठी म्हातारी माणसं जाऊन राहतात. कारण पुन्हा जमिनीतच आहे. टेनिसचं दुहेरीचं कोर्ट २८०८ चौरस फुटांचं, म्हणजे अडीच गुंठ्यांच्या वर. पिकलबॉलचं कोर्ट ८८० चौरस फुटांचं, पाऊण गुंठ्याहून थोडं जास्त. दुहेरीत टेनिसपटूला ७०२ चौरस फूट राखावे लागतात, पिकलबॉलवाल्याला २२०. गुडघ्यांना हा फरक आकडा न सांगताही कळतो.

गावांच्या आणि शहरांच्या कारभाऱ्यांना दुसराच हिशोब दिसला. मोकळ्या जागेसह टेनिसचं एक मैदान साधारण १२० बाय ६० फुटांचं असतं. ६० बाय ३० चे चार तुकडे त्यात नेमके बसतात. दोघे किंवा चौघे जिथे खेळत तिथे सोळा जण खेळू लागले. कोविडच्या काळात अंतर राखून उघड्यावर खेळता येईल असं काहीतरी लोक शोधत होते, तेव्हा टेनिसच्या कोर्टांवर दुसऱ्या रंगाच्या रेघा भराभर उमटल्या. २०२२ मध्ये वॉशिंग्टनने पिकलबॉलला राज्याचा अधिकृत खेळ म्हणून मान दिला.

भारतात हा खेळ आला तो मुंबईकर सुनील वालावलकर यांच्या ध्यासातून. १९९९ मध्ये कॅनडात त्यांनी तो पाहिला, पुढे इथे लोकांना बोलावून बोलावून खेळायला लावला, आणि २००८ मध्ये ऑल इंडिया पिकलबॉल असोसिएशन उभी राहिली. त्यांच्यापुढे जमिनीचा प्रश्न मोठा असणार, कारण मुंबईत तोच प्रश्न सगळ्यांत मोठा. पण शाळांच्या, जिमखान्यांच्या, सोसायट्यांच्या अंगणात बॅडमिंटनच्या रेघा होत्याच. जाळी खाली घ्यायची आणि दोन नव्या रेघा मारायच्या. पुण्याच्या छावणीतून निघालेला खेळ पोर्ट्समथ आणि बेनब्रिज करून, रूप बदलून, स्वतःच्याच जुन्या चौकटीत परत आला.

•

आमच्या चौथऱ्यावरही शेवटी दोनच रेघा नव्या माराव्या लागल्या, दोन्ही बाजूंच्या किचनच्या. त्यावरून थोडी चर्चा झाली. बॅडमिंटनची साडेसहा फुटांवरची जुनी रेघ दिसतेच आहे, अर्ध्या फुटाने काय बिघडतं, तीच रंगवून घेऊ, असं एकाचं म्हणणं. काकांनी ऐकून घेतलं आणि टेप पुन्हा ताणला. ‘‘अर्धा फूट कुणासाठी सोडलाय ते बघा. आपल्यासारख्यांसाठी सोडलाय,’’ एवढंच बोलले. नेटपासून ७ फुटांवर पिवळ्या ऑइलपेंटची रेघ उमटली. जुनी पांढरी रेघ आम्ही खरवडली नाही. दोघींच्या मधे जेमतेम तीन-चार बोटं जागा आहे.

रंग वाळायला दोन दिवस दिले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पहिला डाव. एका बाजूला मी आणि काका, समोर दोन कॉलेजची मुलं. त्यातला एक सहा फुटांच्या वर उंच. अकराच्या डावात आम्ही आठ-नऊ असे मागे होतो. काकांनी चेंडू हलकेच सोडला, पण तो थोडा उंच राहिला. मुलगा एक पाऊल पुढे आला आणि त्याने तो सणसणीत आपटला. मला बॅट उचलायलाही वेळ मिळाला नाही. तेवढ्यात कठड्यावर बसलेली काकांची नात ओरडली, ‘‘पाय! पाय आत आहे!’’

मुलाने खाली पाहिलं. आम्हीही पाहिलं. त्याच्या बुटाचं टोक जुन्या पांढऱ्या रेघेच्या अलीकडे आणि नव्या पिवळ्या रेघेच्या पलीकडे, बरोबर त्या तीन-चार बोटांच्या जागेत होतं. तो हसला, चेंडू उचलून त्याने काकांच्या हातात दिला आणि एक पाऊल मागे जाऊन उभा राहिला.